आकाश पाहणे आणि आकाश सांगणे

विद्यार्थिमित्रांनो, बडनेऱ्याच्या स्थानकावरून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे चांदूर व धामणगाव मागे पडतात, आणि वर्धा नदी ओलांडून पुलगाव गाठण्यापूर्वी तळणी नावाचे एक लहानसे स्थानक लागते. आपल्यापैकी पुष्कळांनी ते खिडकीतून पाहिले असेल, आणि पाहून विसरूनही गेले असेल. परंतु दिनांक २२ जानेवारी १८९८ रोजी याच तळणीस विलायतेहून आलेली एक मंडळी आपल्या दुर्बिणी व छायाचित्रणाची यंत्रे उभारून सूर्याकडे डोळे लावून बसली होती. त्या दिवशी दुपारी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे होते, आणि चंद्राच्या छायेचा अरुंद पट्टा कोकणच्या किनाऱ्यापासून निघून सोलापुराकडील जेऊर, वऱ्हाडातील तळणी व तिच्या शेजारचे पुलगाव यांवरून पुढे उत्तरेस जाणार होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांवाला हे जेऊर येथे आपली उपकरणे घेऊन सज्ज होते. केंब्रिजचे न्यूवॉल हे पुलगावी होते. तळणीची मंडळी मात्र या सर्वांहून निराळी होती, आणि तिच्याविषयीच आज प्रथम सांगावयाचे आहे.

ही मंडळी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या संस्थेची होती. १८९० साली स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः हौशी लोकांची. आकाशाचे वेड असलेल्या कोणाही माणसास, मग तो पदवीधर असो वा नसो, पुरुष असो वा स्त्री, तिचे दार उघडे होते. तळणीस आलेल्यांत जॉन एव्हर्शेड नावाचे एक गृहस्थ होते. ते त्या वेळी हौशीच होते. पुढे तेच दक्षिणेतील कोडाईकनाल वेधशाळेत आले आणि सूर्यावरील डागांतून वायू बाहेरच्या बाजूस वाहत असतो, हा महत्त्वाचा शोध त्यांनी १९०९ साली लावला. त्यांच्याच बरोबर वॉल्टर माँडर व त्यांच्या पत्नी ॲनी माँडर हे दांपत्य होते.

ॲनीबाईंची हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८९१ साली त्या ग्रिनिच येथील वेधशाळेत गणिते करण्याच्या कामावर लागल्या. चार वर्षांनी त्यांचा विवाह झाला, आणि विवाहित स्त्रीस सरकारी नोकरीत ठेवावयाचे नाही या त्या काळच्या नियमामुळे त्यांस ते काम सोडावे लागले. म्हणजे तळणीच्या माळावर त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यापाशी ना हुद्दा होता, ना वेतन. हाती होता तो एक लहानसा कॅमेरा; त्याचे भिंग अवघे दीड इंच व्यासाचे. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटे टिकली. तेवढ्या अवधीत त्या छोट्या भिंगाने सूर्याच्या प्रभामंडलातून निघून सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट दूर गेलेला एक किरणझोत टिपला. इतका लांब किरण तोवर कोणाच्याही छायाचित्रात आलेला नव्हता.

येथपर्यंतची हकीकत पाहणाऱ्याची झाली. पण ॲनीबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. १९०८ साली या पतिपत्नींच्या नावे सामान्य वाचकांसाठी आकाशाची गोष्ट सांगणारे एक पुस्तक निघाले, आणि ते जवळजवळ संपूर्णपणे आपल्या पत्नीचेच काम आहे, असे वॉल्टरसाहेबांनी त्यात मोकळेपणाने नमूद केले. ज्या डोळ्यांनी तळणीस सूर्य पाहिला, त्याच व्यक्तीच्या लेखणीने तो इतरांस सांगितला. पाहणे व सांगणे ही दोन वेगळी कामे नसून एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे दाखविण्यासाठीच आपल्या दाराशी घडलेले हे उदाहरण प्रथम घेतले.

आकाशाच्या अभ्यासात हौशी माणसाचे काय काम, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आकाश अफाट आहे, आणि पगारी ज्योतिर्विदांचे डोळे मोजके आहेत. ज्याप्रमाणे हजार एकरांच्या पिकावर एक राखणदार पुरा पडत नाही, त्याप्रमाणे साऱ्या आकाशावर काही वेधशाळा पुऱ्या पडत नाहीत. कित्येक ताऱ्यांचे तेज कमीअधिक होत असते. त्यांस रूपविकारी तारे म्हणतात. असा तारा वर्षानुवर्षे, रात्रीमागून रात्र कोणी तरी पाहून टिपून ठेवावा लागतो. मोठ्या दुर्बिणीस यासाठी सवड नसते. हौशी माणसास ती असते.

बंगाल्यातील जेसोर येथील राधागोविंद चंद्र हे याचे उत्तम उदाहरण होय. प्रवेश परीक्षेत ते तीन वेळा नापास झाले आणि सरकारी खजिन्यात साध्या नोकरीवर लागले. परंतु रात्री ते आपल्या घरून रूपविकारी तारे पाहत. शेजारच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करून, ‘अमुक वाजता हा तारा याच्याहून मंद व त्याच्याहून तेजस्वी दिसला’ असे ते अंकांनी लिहून ठेवीत आणि अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संस्थेस पाठवीत. १९५४ सालापर्यंत त्यांनी त्या संस्थेस ३७,२१५ निरीक्षणे पाठविली. त्यांच्या कामाची योग्यता पाहून संस्थेने सहा इंची दुर्बीण त्यांस वापरावयास धाडली. तीन वेळा नापास झालेल्या मनुष्याच्या आकड्यांवर सातासमुद्रापलीकडील विद्वानांनी विश्वास ठेवला, तो का? कारण ते आकडे प्रामाणिक होते. जे दिसले ते त्यांनी लिहिले, आणि जे दिसले नाही ते लिहिले नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. आज परिस्थिती एका अर्थाने उलट झाली आहे. पूर्वी चित्रे थोडी होती; आता ती इतकी झाली आहेत की पाहणारे अपुरे पडतात. यंत्रे रात्रंदिवस आकाशाची छायाचित्रे घेतात आणि ती संगणकांत साठत जातात. २००७ साली ऑक्सफर्ड येथील काही संशोधकांपुढे सुमारे नऊ लाख दीर्घिकांची चित्रे येऊन पडली. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समुदाय. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका आहे. यांपैकी कोणती दीर्घिका चक्रीच्या आकाराची व कोणती अंडाकृती, हे वेगळे करावयाचे होते. एकट्या माणसास या कामी वर्षे लागली असती. तेव्हा त्यांनी ही चित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली आणि लोकांसच मदत मागितली. या उपक्रमाचे नाव ‘गॅलॅक्सी झू’. एक लाखाहून अधिक लोक पुढे आले, आणि त्यांनी मिळून चार कोटींच्या वर उत्तरे नोंदविली. सामान्य नागरिकांनी शास्त्रीय संशोधनात अशा रीतीने खरा वाटा उचलणे, यास आज नागरिक-विज्ञान म्हणतात.

येथे चतुर विद्यार्थी शंका काढील, की सामान्य माणसे चुका करणार. मग त्यांच्या उत्तरांवर शास्त्र कसे उभे राहील? शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर शिकण्यासारखे आहे. एक चित्र एकासच दाखवीत नाहीत. तेच चित्र अनेकांस, एकमेकांच्या नकळत दाखवितात. तीसचाळीस जणांपैकी बहुतेकांनी एकच सांगितले तर ते ग्राह्य धरतात. मते विभागली तर ते चित्र संशयित म्हणून बाजूस काढतात. परंतु सर्वांचीच चूक एकाच दिशेने होत असेल तर काय? तसेही एकदा घडले. चक्राकार दीर्घिकांचे पंख घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळलेले आहेत, असे सांगणारी उत्तरे अधिक निघू लागली. हे खरे असते तर विश्वाविषयीच्या आपल्या कल्पना बदलाव्या लागल्या असत्या. संशोधकांनी काय केले? तीच चित्रे आरशातल्याप्रमाणे उलटी करून लोकांस दाखविली. आकाशातच तसे असते तर आता उत्तरे उलटावयास पाहिजे होती. पण लोकांनी पुन्हा पूर्वीचीच दिशा अधिक वेळा निवडली. दोष आकाशाचा नव्हता; मनुष्याच्या डोळ्याचाच कल एकीकडे होता. तो कल किती, हे कळल्यावर त्याची वजावट करता आली. ही गोष्ट त्या संशोधकांनी लपवून ठेवली नाही, तर प्रसिद्ध केली, आणि त्यामुळे लोकांचा त्या कामावरील विश्वास कमी न होता दृढच झाला.

त्याच वर्षी, २००७ मध्ये, हॅनी व्हान आर्केल नावाच्या नेदरलँड्समधील एका शिक्षिकेस एका दीर्घिकेच्या खाली निळसर ढगासारखे काही दिसले. प्रश्नपत्रिकेत त्याविषयी रकानाच नव्हता. दुसऱ्या कोणी ते पाहून न पाहिल्यासारखे केले असते. बाईंनी मात्र हे काय आहे, असा साधा प्रश्न विचारला. शोध घेता असे निष्पन्न झाले की, तो प्रचंड वायूचा ढग असून शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रकाशाने तो उजळला होता. ते केंद्र मात्र दरम्यान मंदावले होते. आज शास्त्रज्ञ त्या ढगास डच भाषेत ‘हॅनीची वस्तू’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. संगणकास आता पुष्कळ शिकविता येते, आणि चित्रे निवडण्याचे बरेचसे काम तो करूही लागला आहे. तथापि जे शिकविलेले नाही ते पाहून थबकणे आणि प्रश्न विचारणे, हे अजून मनुष्याच्या डोळ्यास चांगले साधते.

ही सर्व उदाहरणे दूरदेशची वाटतील. परंतु आपल्या महाराष्ट्रातही हे कार्य चालू आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे रेडिओ लहरी टिपणारी एक अवाढव्य दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणे येथील केंद्राने, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली. तीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या आहेत. तबकड्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून बारीक तारेच्या जाळीचा आहे. रेडिओ लहरी लांब असल्यामुळे त्यांस जाळीही भिंतीसारखीच वाटते, आणि जाळीतून वारा निघून जात असल्याने तबकडी हलकी व स्वस्त झाली. या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग न्याहाळला, आणि त्या पाहणीतून तयार झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत आहेत. ही सर्व चित्रे कोणासही पाहावयास खुली आहेत.

अशा खुल्या चित्रांवर काम करण्यासाठी मुंबई येथील शास्त्रज्ञ डॉ. आनंद होता यांनी एप्रिल २०१३ मध्ये ‘रॅड-ॲट-होम’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात देशभरातील विज्ञान व अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि पदवीधर शिबिरांतून व इंटरनेटद्वारे शिक्षण घेतात. आकाशाच्या एकाच भागाची डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशातील, अवरक्त किरणांतील व रेडिओ लहरींतील चित्रे निरनिराळ्या रंगांत एकमेकांवर ठेवून ते पाहतात. रेडिओ लहरी कोणत्या दीर्घिकेतून येत आहेत, आणि त्यांच्या आकारात काही विलक्षण आहे काय, हे शोधणे हा त्यांचा अभ्यास. संशयास्पद व महत्त्वाचे असे काही आढळल्यास ते खोडदच्याच दुर्बिणीने पुन्हा अधिक बारकाईने पाहण्यासाठी प्रस्ताव पाठवितात. २०२२ साली या मंडळींनी ‘रॅड-१२’ नावाची दीर्घिका प्रसिद्ध केली. ती सुमारे एक अब्ज प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या केंद्रातील कृष्णविवरापासून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळतो आणि तेथून पुढे भूछत्रासारखा फुगलेला दिसतो. २०२५ साली त्यांनी एकमेकांस छेदणारी दोन रेडिओ कडी असलेला एक स्रोत वर्णिला. या जातीच्या तोवर ठाऊक असलेल्या वर्तुळांत तो सर्वांत दूरचा व सर्वांत बलवान आहे. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय आजच्या सुमारे निम्मे होते.

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे वळू. वर सांगितलेल्या प्रत्येक उपक्रमात एक मनुष्य असा असावाच लागतो, की जो शास्त्रज्ञाचे म्हणणे लोकांस आणि लोकांचे म्हणणे शास्त्रज्ञास समजावून सांगेल. यास विज्ञानप्रसारक म्हणतात. खगोलशास्त्राच्या संस्थांतून व तारांगणांतून आज हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. सामान्य समजूत अशी, की लोकांस आकाशाविषयी आश्चर्य वाटावयास लावले की प्रसारकाचे काम संपले. नागरिक-विज्ञानात तेवढ्याने भागत नाही. व्याख्यान ऐकून श्रोता टाळ्या वाजवून घरी गेला तर तो श्रोताच राहिला. त्याने घरी जाऊन स्वतः पाहिले आणि खरे लिहून पाठविले, तरच प्रसारकाचे काम झाले. या कामाची चार कर्तव्ये मानता येतील.

पहिले कर्तव्य असे, की काय पाहावयाचे ते नेमके सांगावे. ‘आकाशाकडे पाहा’ ही सूचना नव्हे. ‘रात्री आठ वाजता, दिव्यापासून दूर, वीस मिनिटे अंधारात थांबून, मृगाच्या चौकोनात किती तारे दिसतात ते मोजा’ ही सूचना होय.

दुसरे कर्तव्य, ऐकणाऱ्याच्या ओळखीचे शब्द व उपमा योजाव्यात; परंतु उपमा कोठे संपते तेही सांगावे. उदाहरणार्थ, रेडिओ दीर्घिका म्हणजे काय, हे बडनेऱ्याच्या मुलास कसे सांगावे? आपल्याकडे कापूस कोणी पाहिला नाही असे घर नाही. एक सरकी मधोमध ठेवावी आणि तिच्या दोन्ही बाजूंस पिंजलेल्या कापसाचे दोन मोठे झुबके मांडावेत. डोळ्यांस दिसणारी दीर्घिका ही त्या सरकीएवढी. आणि रेडिओ लहरींत दिसणारे ढग हे त्या झुबक्यांसारखे, दीर्घिकेच्या कित्येक पट मोठे. येथवर उपमा चालते. पुढे मात्र सांगितले पाहिजे, की कापूस सरकीच्या सालीवर उगवतो, तर ते ढग दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराजवळून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटलेल्या झोतांनी बनलेले असतात. ही मर्यादा सांगितली नाही तर मुलाच्या मनात एका अज्ञानाच्या जागी दुसरे अज्ञान बसते.

तिसरे कर्तव्य, अर्धे वाक्य कधीही सांगू नये. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ, म्हणजे सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरांवर आला होता. त्या वेळी कोणी तरी लिहिले, की पंचाहत्तर पट मोठे करून दाखविणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांस दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. हे विधान बरोबर होते. परंतु एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यातील दुर्बिणीचा भाग गळून पडला, आणि ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ एवढेच उरले. पुढे कित्येक वर्षे ऑगस्ट आला की ही बातमी पुन्हा फिरू लागे, आणि भोळे लोक गच्चीवर जाऊन निराश होऊन परत येत. एकदा फसलेला मनुष्य पुढे खरी गोष्ट सांगितली तरी गच्चीवर जात नाही. अतिशयोक्तीने गर्दी जमते, पण निरीक्षक तयार होत नाहीत.

चौथे कर्तव्य, लोकांनी दिलेल्या उत्तराचे पुढे काय झाले ते त्यांस कळवावे, आणि श्रेय द्यावे. ज्याने निरीक्षण पाठविले त्यास वर्षभर पोच आली नाही तर तो दुसऱ्यांदा का पाठवील? प्राध्यापक जयंत नारळीकर यांच्याविषयी सर्वांस ठाऊक आहे, की शाळेतील मुले त्यांच्यापुढे स्वाक्षरीसाठी वह्या धरीत, तेव्हा ते म्हणत, स्वाक्षरी नको, मला एका पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर देईन. आणि ते उत्तर खरोखरच येई, खाली स्वाक्षरीसह. जगन्मान्य शास्त्रज्ञ, पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचे संस्थापक, आणि २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. परंतु खेड्यातील मुलाचा प्रश्न त्यांनी हलका मानला नाही. २०२५ साली ते निवर्तले. त्यांचा हा धडा मागे राहिला आहे.

या चारही कर्तव्यांच्या मुळाशी भाषेचा प्रश्न आहे, आणि तो आपल्यासाठी जिव्हाळ्याचा आहे. अशा बहुतेक उपक्रमांच्या सूचना इंग्रजीत असतात. आपल्या वर्गात असा विद्यार्थी असतोच, की ज्याची नजर तीक्ष्ण आहे, ज्यास शेतावरच्या रात्रींमुळे आकाश तोंडपाठ आहे, पण इंग्रजी सूचनेच्या दुसऱ्या ओळीस जो अडखळतो. त्याची बुद्धी अडखळत नाही, भाषा अडखळते. अशा विद्यार्थ्याचे डोळे जगाच्या कामी आले नाहीत, तर नुकसान त्याचे एकट्याचे नव्हे, शास्त्राचेही आहे. म्हणून ज्यास इंग्रजी बरे येते त्याने त्या सूचना सोप्या मराठीत लिहून शेजारच्या बाकावरील मित्रास द्याव्यात. लिहिताना एखादे वाक्य जमेना, तर बहुधा आपणांसच ते नीट समजलेले नाही, असे जाणावे आणि शिक्षकांस विचारावे. दुसऱ्यास सांगू लागले म्हणजे आपले अज्ञान आपणांस प्रथम दिसते. सांगण्याचा हा लाभ लहान नाही.

आता प्रत्यक्ष करण्यासारखा एक अभ्यास देतो. तो करण्यास पैसा लागत नाही. दिव्यांच्या वाढत्या प्रकाशामुळे रात्रीचे आकाश किती फिके होत आहे, हे मोजण्यासाठी २००६ सालापासून ‘ग्लोब ॲट नाइट’ नावाचा जागतिक उपक्रम चालत आला आहे. त्यात अमुक नक्षत्रातील किती मंद तारा दिसतो, एवढेच पाहून कळवावयाचे असते. आपण हेच मृग नक्षत्रावर करू. मृग म्हटले की आपल्या शेतकरी पालकांस जूनमधील पाऊस आठवेल. परंतु जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असल्यामुळे ते नक्षत्र दिसत नाही. ते रात्री उत्तम दिसते हिवाळ्यात. चार कोपऱ्यांस चार तारे आणि मध्ये ओळीने तीन तारे, ही त्याची खूण. तांबूस तारा तो काक्षी, आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातील पांढरा तेजस्वी तारा तो राजन्य.

जानेवारी किंवा फेब्रुवारीतील चंद्र नसलेल्या एका रात्री तीन ठिकाणांहून पाहावे: स्थानकाच्या दिव्यांजवळून, शाळेच्या मैदानावरून, आणि गावाबाहेरील एखाद्या शेतावरून. शेतावर जाताना घरच्या वडील माणसांस बरोबर घ्यावे. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे डोळे अंधारास सरावू द्यावेत, आणि त्या अवधीत मोबाईलकडे पाहू नये. मग चार कोपऱ्यांच्या आत किती तारे दिसतात ते मोजावे. दोघांनी निरनिराळे मोजावे, आणि लिहून झाल्यावाचून एकमेकांस आकडा सांगू नये. वहीत दिनांक, वेळ, ठिकाण, ढग होते की नव्हते, आणि आकडा, एवढे लिहावे. ढगांमुळे मोजता आले नाही तर ‘मोजता आले नाही’ असेच लिहावे. शेजाऱ्याचा आकडा उतरून काढू नये. कोरा रकाना ही लाजेची गोष्ट नाही, पण खोटा आकडा ही आहे.

काक्षीकडे मात्र विशेष लक्ष असू द्यावे. तो रूपविकारी तारा आहे. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तो इतका मंदावला, की नुसत्या डोळ्यांनीही फरक कळत होता, आणि जगभरच्या हौशी निरीक्षकांनी त्याच्या तेजाच्या नोंदी केल्या. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यापासून बनलेल्या धुळीने त्याचा काही भाग झाकला गेला, असे पुढे अभ्यासान्ती दिसून आले. त्या हिवाळ्यात ज्याने काक्षीस दर रात्री राजन्याशी ताडून पाहिले असेल, त्याच्या साध्या वहीतही एका मोठ्या घटनेची साक्ष राहिली असेल.

पालकवर्गास दोन शब्द. आपला पाल्य रात्री गच्चीवर गेला तर त्यास ‘याचे गुण मिळतात काय?’ असे विचारू नये. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: काय दिसले? किती वाजता दिसले? दुसऱ्याने पाहिले तर त्यासही तेच दिसेल काय? हे तीन प्रश्न घरात रूढ झाले तर मुलास शास्त्राचे निम्मे शिक्षण घरीच मिळेल, आणि ते आकाशापुरतेच उपयोगी पडेल असे नाही. बाजारात आलेली अफवा, मोबाईलवर फिरणारी बातमी, औषधाची जाहिरात, या सर्वांस हेच तीन प्रश्न लागू पडतात. तसेच आपल्या घरातील आजोबा-आजींस नक्षत्रांची जुनी नावे व खुणा ठाऊक असतात. त्या मुलांनी लिहून घ्याव्यात. जुन्या ज्ञानास नव्या मोजमापाची जोड मिळाली म्हणजे दोहोंची किंमत वाढते.

विद्यार्थिमित्रांनो, तळणीच्या माळावर त्या दुपारी दोन मिनिटे अंधार पडला आणि पुन्हा ऊन आले. भोवतालच्या गावांतील शेकडो लोकांनी तोच सूर्य पाहिला असेल. परंतु जे लिहून ठेवले गेले तेच आज आपल्या हाती आहे. आपल्या गावच्या लोकांनी त्या दिवशी काय पाहिले, हे आपल्या भाषेत कोणी नोंदवून ठेवले असते, तर आज आपण ते किती आदराने वाचले असते! ती संधी गेली. पुढची मात्र प्रत्येक रात्री आपल्या डोक्यावर येते. पुढील वेळी गाडी तळणीवरून जाईल तेव्हा खिडकीतून क्षणभर त्या माळाकडे पाहा. आणि घरी पोहोचल्यावर एक कोरी वही काढून तिच्या पहिल्या पानावर दिनांक घाला.